आमच्या घरातला डावखुरा

१४ सप्टेंबर १८९१
शनिवारचा फुटबॉलचा सामना जिंकलो. शेवटी शेवटी गुडघा पुन्हा अडकला. चेंडू माझ्याकडे येऊ नये म्हणून देवाला हाक मारली, त्याने ऐकलं. घरी केझियाने बदकाची चरबी चोळली. "आत काहीतरी हललंय, एनॉक. किती दिवस लपवणार?" म्हटलं, मोसम संपेपर्यंत. पुढचं पुढे. क्लबला कळलं तर मधल्या फळीतली डाव्या बाजूची जागा गेली, आणि जागा गेली की पुन्हा गिरणीत मागावर. तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही.

१७ सप्टेंबर
सराव. धावलो. कुणाला संशय आला नाही.

२ ऑक्टोबर
ॲस्पिनॉलसाहेब दारात! क्लबच्या कमिटीतले, चामड्याचे व्यापारी. मागे एक उंच पोरगा, हातात पत्र्याची पेटी. "हा अलेक रेनी. स्कॉटलंडहून आणलाय. पुढच्या फळीत खेळेल. तुझी माडीवरची खोली रिकामीच आहे ना?" नव्या खेळाडूला जुन्याच्या घरी ठेवायचं ही आमच्या क्लबची रीतच. लग्नाआधी मीही असाच एकाच्या घरी होतो. माडीवर गेलो तर पलंगावर पांघरुणं घातलेली. बायको माझी तत्पर.

५ ऑक्टोबर
रेनी ओटच्या पेजेत मीठ घालतो. केझियाने काकवी पुढे केली तर म्हणतो, "काकवी लहान पोरांना, वहिनी." ती म्हणाली, "मग तू कोण रे मोठा?" तो कानापर्यंत लाल झाला. पण काकवी घेतली नाहीच.

१९ ऑक्टोबर
जेवणानंतर टेबलावर बटाटे मांडून रेनीला एकेका संघाच्या खोडी सांगतो. कोण कडेने पळता पळता आत वळतो, कोण पंचाची पाठ फिरली की कोपर मारतो. पोरगा ऐकतो चांगला. खरं सांगायचं तर मला आवडलाय. आज विचारत होता, "एनॉकदादा, कडेने पळणारा अंगावर आला की तुम्ही नेमके कुठे उभे राहता?" पुढच्या फळीतल्या माणसाला ही चौकशी कशाला? पण सांगितलं. बटाटा सरकवून दाखवलाही.

२६ ऑक्टोबर
रेनी मागच्या अंगणात भिंतीवर चेंडू मारत होता. सगळे फटके डाव्या पायाने. पुढच्या फळीत डावीकडे आमचे दोघे ठणठणीत आहेत, तिसरा कशाला आणला? केझियाला म्हटलं. ती म्हणाली, "चहा निवतोय."

५ नोव्हेंबर
दाढीला गेलो होतो. गुरुवारी शनिवारच्या संघाची यादी न्हाव्याच्याच खिडकीत लागते. मी तिकडे न बघता थेट खुर्चीत बसलो – सहा वर्षांत बघायची वेळच आली नव्हती. अर्धी दाढी झाल्यावर न्हाव्याचा हात थांबला. "तुला सांगितलं नाही होय कुणी?" उठून यादी बघितली. मधली फळी, डावी बाजू – रेनी. मी कुठेच नाही. उरलेली अर्धी दाढी करून घेतली.

६ नोव्हेंबर
सकाळी रेनी पेजेकडे बघत बसला होता. "मला कालच कळलं, एनॉकदादा. आईची शपथ. मी खोली सोडतो." म्हटलं, बस, खा. खोली सोडून माझं नाव खिडकीत लागणार आहे का? मग म्हटलं, उद्याच्या संघातला तो तांबड्या केसांचा नेहमी आत वळतो. बाहेरची बाजू त्याला देऊन टाक.

७ नोव्हेंबर
मैदानावर गेलो नाही. ओरडा घरापर्यंत येत होता. जिंकलो. जिंकले, म्हणायला हवं.

९ नोव्हेंबर
ॲस्पिनॉलसाहेबांच्या दुकानात गेलो. म्हटलं, माझी एक तरी चूक दाखवा. ते कातडी उलटसुलट करत राहिले. "चूक नाही रे. तुझ्या गुडघ्याचं सप्टेंबरपासून ठाऊक आहे आम्हाला. रेनी तयार होईपर्यंत तुला खेळवलं." कुणी सांगितलं विचारलं. "घरी जाऊन विचार. आणि मैदान राखायला माणूस हवाय, गवत कापायचं, चुन्याच्या रेषा आखायच्या. बघ बाबा." बघतो म्हटलं. सप्टेंबरात घरी आम्ही दोघंच होतो.

१० नोव्हेंबर
केझियाला विचारलं. कांदे चिरता चिरताच म्हणाली, "मीच गेले होते. त्यांना तू या मोसमापुरता हवा होतास. मला म्हातारपणी जिना चढणारा नवरा हवाय."
"मला आधी सांगायचंस."
"मग जाऊ दिलं असतंस?"
दिलं नसतं. पण आज गल्लीतून येताना उघड लंगडत आलो, कुणाचं भय न बाळगता, आणि फार सुटल्यासारखं वाटलं. राग त्या सुटल्यासारखं वाटण्याचाच जास्त येतोय.