घोट्याची रजा आणि पावणेसहाची गोळी

सांगली, बुधवार दुपार

ती. सम्मेददाजी यांस,

तवनाप्पाचा जय जिनेंद्र आणि साष्टांग नमस्कार. (सात अंगं तुमच्या पायाशी, आठवं उशीवर टेकवलेलं आहे असं समजावं.) विजयमालाताईचे गुडघे आणि तुमचा रक्तदाब ताब्यात आहेत ना? साताऱ्याची हवा सगळ्यांना मानवते. फक्त आमच्या चाळिशीपुढच्यांच्या फुटबॉल संघाला मानवत नाही.

घोट्याची हकिगत ताईने सांगितली असेलच, पण तिने ती माझ्या बायकोकडून ऐकलेली, म्हणजे त्यात माझी बाजू नाही. सरावात कॉर्नर आला, मी हेडर मारायला उडालो. उडी सुरेखच होती (अठ्ठेचाळिसाव्या वर्षी याहून उंच कोण उडतो ते दाखवा), चेंडू मात्र तोवर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचला होता. उतरलो तो वाकड्या घोट्यावर. दवाखान्यात आमची ही, चंदनबाला, सगळ्यांदेखत म्हणाली, "आवं, चेंडू हाय का न्हाई एवढं बघून तरी उडायचं!"

हाड शाबूत, लिगामेंट ताणलेलं. डॉक्टरांनी लिहून दिलं : गोळी रात्री जेवणानंतर, घोट्याचा व्यायाम संध्याकाळी सातला. आता आपल्या घरात रात्रीचं जेवण दिवस मावळायच्या आत उरकतं, हे तुम्हाला काय सांगायचं? सव्वापाचला ताट, पावणेसहाला गोळी, आणि सहाला मी गाढ.

काय सांगू दाजी, ती झोप! खिडकीतून पेठेतल्या हळदीचा वास येतो, ऊन पिवळं होत होत पातळ होतं आणि पलंगाचं हळूहळू मैदान होतं. गवत गुडघ्याएवढं, मऊ. चेंडू माझ्याकडे येतो तो घाई न करता, वाटेत सगळ्यांची विचारपूस करत. मी तो औंधच्या यमाईच्या डोंगरावरून उचलून देतो, तो महाबळेश्वरच्या धुक्यात शिरतो आणि बऱ्याच वेळाने, ओला होऊन, पुन्हा माझ्याच पायाशी येतो. कुणी शिट्टी वाजवत नाही. कुणी धापा टाकत नाही, मीसुद्धा नाही. तीन आठवडे रोज खेळलो. इतका चांगला मी जागेपणी कधीच खेळलेलो नाही.

व्यायाम? तो चंदनबाला करत होती. म्हणजे घोटा माझा, फिरवणारी ती, नजर टीव्हीकडे. परवा डॉक्टरांनी विचारलं, गोळी किती वाजता घेता? सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. व्यायाम ज्याचा त्याने जोर लावून करायचा असतो, म्हणे. "या पद्धतीने फक्त वहिनींचं मनगट सुधारलं असेल," असंही ते म्हणाले. आता पुन्हा पहिल्यापासून. दिवाळीपर्यंत मात्र घोटा नक्की पळता होईल.

पण आमचा कर्णधार तानाजी काल केळी घेऊन आला. "गड्या, लय खेळलास. दिवाळीनंतर सातारकर येतील तवा तू कट्ट्यावर बस, टाळ्या वाजव. तुझ्या जागी आपल्या धुळाला घेतोय." मीही मोठ्या मनाने हो म्हणालो, त्यालाच एक केळं सोलून दिलं. खेळ सुटला म्हणा. या वयात मोह कसला धरायचा?

तुमचा,
तवनाप्पा

ता. क. : मोहाचं वाक्य ताईला वाचून दाखवण्यापुरतं आहे. खरं काम असं : तुम्ही साताऱ्याचे कर्णधार. तानाजीला फोन करून ठणकावून सांगा, तवनाप्पा बचावफळीत नसेल तर आम्ही सांगलीला येत नाही.

आणखी एक : तो कारण विचारणार नाही. गेल्या तीन सामन्यांत तुमचे दोन गोल कुणाच्या पायाने झाले ते त्याला पाठ आहे.

शेवटचं : तरीही ऐकला नाही, तर मला तुमच्या संघात घ्या. नाहीतरी इतकी वर्षं मी साताऱ्याकडूनच खेळतोय, जर्सी तेवढी सांगलीची होती.