तुझ्यासाठी सपाट केलेला रस्ता

प्रिय ठमाबाई,

ट्रेलरांची एवढी मोठी डिझायनर झालीस तरी मला हेच नाव लिहायला येतं, चालवून घे. फोनच केला असता, पण फोनवर मी ओरडतो आणि तू ठेवून देतेस, हे आपलं गेली कित्येक वर्षं सुरळीत चाललेलं आहे. म्हणून कागद घेतला. दुसऱ्या कुणाकडून मीठमसाला लावून कळण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐक: काल दुपारी मी तुमच्या मॅनेजरसाहेबांचे पुढचे दोन दात पाडले. इथे इस्पितळात माझ्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसले होते, अगदी घरचं माणूस असल्यासारखे. मी डावा हात फिरवला. त्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर आहे, त्यामुळे आवाज झकास आला. साहेब स्टुलासकट मागे गेले, समोरच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला आणि माझ्या प्लास्टरला तडा गेला. डॉक्टर खूप बोलले, नवीन प्लास्टर घातलं. दातांचं मला काडीचंही वाईट वाटलेलं नाही. का मारलं ते पुढे येईलच.

तुझी आई रोज येते, संत्री सोलते आणि माझ्याशी बोलत नाही. तिला मी सांगितलंय की हे सगळं अपघातात लागलं. खरं म्हणजे अपघातात मला खरचटलंसुद्धा नव्हतं. तीन बरगड्या, हात आणि हा बंद झालेला डावा डोळा, ही सगळी नंतरची कमाई आहे. मागे ट्रेलर उलटला तेव्हा माझा ट्रक एका अंगावर उचलला गेला आणि पुन्हा चाकांवर आपटला. मी दार उघडून खाली उडी मारली आणि माझ्या जोडीदाराकडे, आपल्या शिट्टीकडे, धावलो, तेवढ्यात खाणीवरची माणसं पोचली. शिट्टीचा मेव्हणा पुढे होता. गाडी उलटली की आधी ड्रायव्हरला धरायचं, हा नियमच आहे. पहिला फटका पान्याचा होता, मी हात आडवा घातला म्हणून हात गेला. नाहीतर डोकं गेलं असतं. मग लाथा. मी एकालाही दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही टॉमीची लोखंडी दांडी उचलली असती, आणि माझा नेम त्यांच्यापेक्षा चांगला आहे.

शिट्टीला तू ओळखतेस, पण त्याचं काम तुला कागदावरच माहीत आहे. सतरा वर्षं तो माझ्या ट्रेलरच्या बाजूने चालला. खाणीच्या रस्त्यावर माणूस चालतो त्याच वेगाने आम्ही जातो, आणि मला आरशात दिसत नाही ते सगळं तो बघतो. दोन आखूड शिट्ट्या म्हणजे ये, एक लांब म्हणजे जागच्या जागी थांब. चाकाने जमीन सोडली तर तो तळहात खाली करून मनगट लोंबतं सोडतो. सतरा वर्षांत ती खूण त्याने गंमत म्हणूनच केली होती, बहुतेक मी जास्त प्यायलो असेन तेव्हा. त्या दिवशी मी आरशात बघतो तर त्याने हात तसा केलेला, आणि चेहरा पांढरा. लगेच लांब शिट्टी झाली. मी ब्रेक दाबला. डावी बाजू खाली बसली, साखळ्या तुटल्या, त्यातली एक ट्रकच्या मागच्या काचेतून आत आली, आणि ट्रेलरवरचा चाळीस टनांचा डोझर घसरत त्याच्या अंगावर गेला. त्याचं डोकं आणि उजवा हात बाहेर होता. शिट्टी अजून दातांत धरलेली होती. मी ती काढायला गेलो, निघेना.

आता व्हॉल्व्हचं. इथल्या नर्सबाईंना मी हे सलाइनच्या नळीवर समजावून सांगितलं, आणि त्या तुमच्या मॅनेजरपेक्षा लवकर समजल्या. ट्रेलरच्या प्रत्येक चाकजोडीवर एक तेलाचा जॅक. डावीकडचे सगळे जॅक एका पाइपने जोडलेले, उजवीकडचे दुसऱ्या. चाक खड्ड्यात गेलं की त्याचा जॅक ताणला जातो, चाक जमीन सोडत नाही आणि वर माल सरळ राहतो. डाव्या आणि उजव्या तेलाच्या मध्ये एक व्हॉल्व्ह आहे. उभं करून ट्रेलर समतल करताना तो उघडायचा, निघण्याआधी बंद करायचा. उघडा राहिला तर उतारावर एका बाजूचं तेल दुसरीकडे पळतं आणि गाडी कलते. नर्सबाई म्हणाल्या, म्हणजे तो माणूस बंद करायला विसरला असेल. बघ, कुणाच्याही मनात पहिलं हेच येतं. म्हणूनच आमची रीत अशी की शिट्टी व्हॉल्व्ह बंद करायचा, दांडीला लाल चिंधी बांधायचा, आणि मग मी स्वतः जाऊन चिंधीला हात लावल्याशिवाय गाडीत बसायचो नाही. त्या दिवशीही लावला होता.

पण माझ्या आठवणीवर कुणी विश्वास का ठेवावा? मी दारू पिणारा, भांडखोर माणूस. तर ऐक. मला मारताना त्यांनी फरफटत उलटलेल्या ट्रेलरपाशी नेलं आणि माझं तोंड चिखलात दाबलं. का, तर बघ म्हणाले काय केलंस. मी बघितलं. तोंडापासून वीतभर अंतरावर व्हॉल्व्हची दांडी होती, पाइपला आडवी. बंद. चिंधीची गाठसुद्धा शाबूत. पलीकडे तिसऱ्या आणि चौथ्या रांगेचे जॅक पार शेवटापर्यंत ताणलेले होते आणि पाइप फुटून तेल गळत होतं. तेव्हाच सगळं कळलं. खड्डा खोल होता, जॅक पुरले नाहीत, चाकं लोंबली. लोंबलेलं चाक वजन काय घेणार? सगळा भार उरलेल्यांवर गेला, पाइप फुटला आणि डावी बाजू जमिनीला टेकली. हे कळलं आणि त्याच क्षणी कुणीतरी पाठीत टॉमी घातली, ती मला फारशी लागली नाही. ते जॅक तुझे होते.

नऊ वर्षांची होतीस तेव्हा एकदा यार्डात जॅकवर उचललेल्या ट्रेलरखाली पट्ट्यांच्या स्प्रिंगा मोजायला शिरली होतीस. मी पाय धरून ओढून काढलं आणि कानाखाली अशी वाजवली की दोन दिवस तुला त्या कानाने कमी ऐकू येत होतं. तुझी आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. तू मात्र रडत रडत मला सांगितलंस की पट्ट्या अकरा आहेत आणि चौथीला तडा आहे. मी खाली वाकून पाहिलं, खरंच तडा होता. त्या दिवशी मला कळलं की ही पोर माझ्यापेक्षा लांब जाणार. मारल्याची माफी मी कधी मागितली नाही. आता मागतो. तड्याबद्दल शाबासकीही दिली नव्हती, तीही घे.

म्हणून हा नवा ट्रेलर तुझ्या डोक्यातून निघतोय म्हटल्यावर मी अख्ख्या यार्डाला पिडलं. खाणीच्या तोंडावरच्या पुलाखालून उंच यंत्रं जावीत म्हणून तू ट्रेलर चार बोटं खाली आणलास, त्यासाठी जॅक आखूड केलेस, आणि मला स्वयंपाकघराच्या टेबलावर वाट्या मांडून दाखवलंस की रस्त्यावरच्या सगळ्यात खोल खड्ड्यालाही ते पुरतात. आकडे बरोबर होते. तुझ्या वहीत एकही आकडा खोटा नव्हता. तू स्वतः दोन दिवस त्या रस्त्यावर टेप घेऊन फिरली होतीस, उन्हात नाक सोलून घेतलं होतंस, आणि सगळ्यात खोल खड्डा तुझ्या गुडघ्याच्याही खाली निघाला होता.

ठमे, तो रस्ता तसा नसतो. वर्षातले दहा महिने त्यात माणूस मांडीपर्यंत जातो. तू येणार होतीस त्याच्या आदल्या दिवशी मी ग्रेडरवाल्याच्या हातापाया पडलो. म्हटलं, माझी मुलगी येतेय, तिची छोटी गाडी आपटेल, ती म्हणेल बाप कसल्या नरकात काम करतो. ग्रेडरवाला जुना दोस्त. त्याने पहाटेपासून दुपारपर्यंत पातं फिरवून रस्ता ताटासारखा केला. तू आलीस आणि म्हणालीस, बाबा, तुम्ही उगाच सांगत होता, रस्ता तर छान आहे. मी छाती फुगवून हसलो. तू टेप काढलीस तेव्हा मी तुझ्यासाठी चहा आणायला गेलो होतो. तू काय मोजतेयस हे मला दिसत होतं आणि तरी तोंड उघडावंसं वाटलं नाही, कारण मग माझी ऐट गेली असती. नंतर डंपरांनी आठवड्याभरात रस्ता पुन्हा उकरला. तेव्हाही बोललो नाही. म्हटलं पोरीने ठेवली असेल थोडी सूट, ती काय मूर्ख आहे? शिट्टीने एकदा विचारलं होतं की जॅक आखूड वाटत नाहीत का. मी त्याला म्हटलं, माझ्या मुलीला शिकवतोस का? हे वाक्य मला रोज ऐकू येतं आणि माझ्याच तोंडात मारावंसं वाटतं, पण मारायला हात एकच धड आहे आणि त्याने मी लिहितोय.

परवा शिट्टीची बायको आली होती. तिच्या भावाने मला मारलं म्हणून माफी मागायला आली असेल असं मला वाटलं. तिने तसलं काही केलं नाही, बरंच केलं. उभ्या उभ्याच म्हणाली, "भावजी, एकच सांगा. ह्यांच्याकडून काही चुकलं होतं का?" मी नाही म्हटलं. तिने पदर तोंडाला लावला आणि गेली. आणि काल तुमचे मॅनेजरसाहेब आले, सफरचंदं घेऊन. त्यांनी मला छान समजावलं. म्हणाले, व्हॉल्व्ह शिट्टीने उघडा ठेवला असं तुम्ही म्हणा, म्हणजे तुम्ही सुटलात, कंपनी सुटली, मुलगी सुटली, आणि मेलेल्या माणसाला काय फरक पडतो? मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं मी बरीच पाहिलीत, पण ते माझ्या हातावर ठेवणारा हा पहिला. तरीही मी तोवर मारलं नव्हतं. मग त्यांनी फाइल उघडून तुझा अहवाल दाखवला. 'व्हॉल्व्ह उघडा राहिल्याची शक्यता.' खाली तुझी सही, ती गिरकीवाली, जी तू शाळेत असताना माझ्या बिड्यांच्या पाकिटांवर गिरवायचीस. हात तेव्हा फिरला. खरं सांगू? तो दात पाडायला निघाला नव्हता, त्याला ती सही पुसायची होती. दात मध्ये आले.

तू ट्रेलर पाहून आलीस हे मला माहीत आहे. ताणलेला जॅक तुला ओळखता आला नाही असं मला सांगू नकोस, चौथ्या पट्टीचा तडा मी विसरलेलो नाही. तू घाबरलीस. घाबरलेल्या माणसाच्या मी कानाखाली मारत नाही, निदान आता नाही. पण तसले अकरा ट्रेलर आणखी बाहेर आहेत आणि प्रत्येकाच्या बाजूने कुणीतरी चालतंय. तेव्हा परवा अपघाताच्या चौकशीत मी सांगणार आहे: व्हॉल्व्ह बंद होता, जॅक आखूड होते, आणि तुझ्या मापाच्या दिवशी रस्ता मी सपाट करून घेतला होता. माझी मुलगी आहे म्हणून यातलं एक अक्षर मी गाळणार नाही, आणि यातलं एक अक्षर मी तुझ्यावर रागावून बोलणार नाही. हे तुला तिथल्या खुर्चीवर बसून, सगळ्यांदेखत, पहिल्यांदा ऐकावं लागू नये म्हणून हा कागद आईच्या हाती पाठवतोय. आणखी एक. साक्षीदारांच्या यादीत पहिलं नाव माझं होतं. चौकशीच्या साहेबांना मी बरगड्यांचं कारण सांगितलं आणि उशिराची वेळ मागून घेतली. अकरा वाजता तुला बोलावतील, मला बारा वाजता. खरं आधी सांगायचा तो तास तुझा.

तुझाच, तासभर बाहेरच्या बाकावर बसून राहणारा,
बाबा