मार्चचा लाल खांब

तिरोडा, ४ जानेवारी २०२५

ती. मामांस गुंजनचा शि. सा. न.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहून राहिली आहे. आमच्या बायांच्या तांदूळ कंपनीची नागपुरात फजिती झाली. हॉटेलांसाठी तांदूळ घेणाऱ्या साहेबांना मी एकवीस स्लाइड दाखवल्या. चौथ्या स्लाइडलाच ते मोबाइल पाहू लागले. शेवटी म्हणाले, तांदूळ चांगला असेलही, पण तुम्हाला सांगायचं काय ते कळलं नाही. अठरा तारखेला दहा मिनिटं देतो, पुन्हा या. आता हुकलं तर चाळीस घरांचा तांदूळ परत दलालाच्या दारात.

स्लाइड छापून सोबत पाठवते. तुम्ही पाटबंधारे खात्यात जन्मभर नकाशे काढले. भीड न ठेवता पाहा. मामींना नमस्कार.

माया आहे तशीच राहू द्या.

तुमची गुंजन

गोंदिया, ८ जानेवारी

चि. गुंजनला अनेक आशीर्वाद.

रागावू नको, पण तुझ्या स्लाइड म्हणजे भरलेली मंडई! गोल भाकरीचे नऊ तुकडे, नऊ रंग, आणि कोणता रंग कशाचा ते कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात. साहेबानं कायले डोळे फोडावे? त्याले एकच जाणून घ्यायचं आहे, दाणा अखंड राहतो का. मग शंभरात किती दाणे तुटले तेवढंच दाखव. महिन्याला एक खांब, खांबावर आकडा. सगळे राखाडी, ज्याच्याबद्दल बोलायचं त्यालेच रंग. आणि सांगायचं ते वर मोठ्या अक्षरात, पूर्ण वाक्यात. एकवीसच्या पाच कर.

एक विचारतो. तुझ्या तक्त्यात मार्च महिनाच नाही. काऊन?

मामी म्हणते, जेवण वेळेवर कर. लोभ वाढवत जा.

तुझा मामा, बिसराम

तिरोडा, १९ जानेवारी

ती. मामांस गुंजनचा शि. सा. न.

मामा, जिंकलो! वर्षभराचा तांदूळ आमचाच घेणार.

मार्चबद्दल तुम्ही बरोबर पकडलं. त्या महिन्यात शंभरात सतरा दाणे तुटले होते. आमचा संगणक सांभाळणारे प्रफुलभाऊ म्हणाले होते की तो महिना गाळून टाकू, आणि मी मानलं होतं. तुमचं पत्र वाचून लाज वाटली. मार्च परत घातला, तोच एक लाल केला. वर लिहिलं: अकरा महिने शंभरात सहापेक्षा जास्त दाणे तुटले नाहीत, मार्चमध्ये आम्ही चुकलो.

साहेबांनी लाल खांबाकडेच बोट केलं. मी बोलणार तोच आमच्या अध्यक्ष पुष्पाबाई उठल्या. त्यांना सहीपुरतंच लिहिता येतं. सरळ पडद्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, धान भरडायच्या मशीनचा रबर रोलर घासला होता, आम्हाले ओळखताच आलं नाही. तो तांदूळ कोणाले विकला नाही, घरीच खाल्ला. नवा रोलर बसवला तेव्हापासून पाहा, खांब कसे खाली बसले. मग डिसेंबरच्या सगळ्यात ठेंगण्या खांबावर पंजा ठेवून उभ्याच राहिल्या.

साहेब म्हणाले, या महिन्यात आठ जण येऊन गेले, आपला वाईट महिना कोणीच दाखवला नाही. पहिला ट्रक सोमवारी मागवला आहे.

परतीच्या बसमध्ये पुष्पाबाईंनी त्या खांबांचा छापील कागद माझ्याकडून मागून घेतला आणि शेजारच्या अनोळखी बाईला जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत सगळा वाचून दाखवला. मामा, मला एक शब्दही दुरुस्त करावा लागला नाही.

तुमच्या मायेची धनी,
गुंजन