उंबऱ्यावरची खसखस

१४ ऑगस्ट
ओरिस्या, लिही. — अगं, ‘लिही’ नको लिहूस! लिहिलंस? राहू दे. मला, पराश्का म्हातारीला, अक्षर येत नाही, तोंड मात्र चालतं.

ओरिस्या माझी नात, शहरातून आलीय. नोकरी सुटली म्हणते. आज खसखशीची बोंडं चर्चमधून पवित्र करून आणली. जुडी देवाच्या तसबिरीमागे खोचली, नाताळच्या खिरीला होईल. एवढ्या उकाड्यात पोरगी लांब बाह्या घालते. म्हटलं, “कुणापासून झाकतेस हे दंड?” हसली नाही.

२ सप्टेंबर
पडवीत वाळत घातलेली बोंडं चोरीला गेली! दाणे तिथेच सांडलेत. दाणे टाकून टरफलं कोण खातं?

शेजारच्या युखीमला धरलं. “काय रे, दारू पुरत नाही का?”

“टरफलं खात नाहीत ग पराश्के, उकळतात. शहरात पोरं ते पाणी नशेसाठी सुईनं टोचून घेतात. आधी स्वतःच्या घरात बघ.”

माझ्या घरात! म्हटलं, तोंड धुऊन ये.

ओरिस्या म्हणते, हे कशाला लिहायचं? लिही. चोराचं नाव लिहून ठेवावं.

९ सप्टेंबर
उंबऱ्यावर खसखस पेरली. चेटकीण असो की मेलेलं माणूस — दाणा न् दाणा वेचल्याशिवाय आत येता येत नाही, आणि तोवर कोंबडा आरवतो.

“आजी, आधीच आत असेल तर?”

“तर त्याला म्हणावं, भांडी घास!”

२१ सप्टेंबर
तसबिरीमागची जुडीही गेली. तिथवर युखीम येत नाही. घरात आम्ही दोघीच.

“बाही वर कर,” म्हटलं. केली.

मनगटापासून कोपरापर्यंत काळेनिळे डाग. मी सांगतेय, तीच लिहितेय. “आजी, हे खोडू?” नको. लिही, म्हातारी चिडली नाही. — नाही, लिही, चिडली.

२२ सप्टेंबर
घरातली सगळी खसखस चुलीत घातली. युखीमकडे माफी मागायला जायचं धाडस नाही.

१२ ऑक्टोबर
तीन आठवडे रडली, ओकली, मला शिव्या दिल्या — असल्या शिव्या तर मलाही येत नाहीत! आज चेरीचे कानवले ताटभर खाल्ले. बाह्या दुमडून! उद्या शहरातून कपडे घेऊन संध्याकाळच्या बसनं परत येते म्हणाली.

“मी येऊ सोबत?”

“मी काय लहान आहे?”

लहान असतीस तर कडेवर नेलं असतं. जा.

१९ ऑक्टोबर
आज युखीम लिहितोय. अक्षर वाकडं आहे म्हणतो. मला काय कळतंय!

परवा ओरिस्याला माती दिली. डॉक्टर म्हणाले, मधे सुटलं होतं, आणि शहरात तिनं पूर्वीइतकंच टोचून घेतलं. अंगाला सोसलं नाही.

युखीम मूठभर खसखस घेऊन आलाय. “उंबऱ्यावर टाकू का ग? गेलेलं माणूस परत येतं...”

नको म्हटलं. उंबऱ्यावरचे जुने दाणेही मीच वेचले. एकही ठेवला नाही.