बिननंबरचा चष्मा

४ जुलै

प्रिय वन्सं,
स. न.

पाणी भरून झालं, चहा टाकला, डबा बांधला आणि ओट्याशी उभी राहून तुमच्या दादांना कारखान्याची चिठ्ठी वाचून दाखवली: तीन नंबरच्या मशीनचा पट्टा बदलणे, पंपाला तेल. त्यांनी ती दोनदा घोकली, दाराशी पुन्हा एकदा विचारली आणि कामावर गेले. पंचवीस वर्षं हीच सकाळ होती. परवा लेकीचं पत्र आलं आणि ती आठवत बसले.

नात तिसरीत गेली तरी तिला धड वाचता येत नाही. शाळेने डिस्लेक्सियाच्या तपासणीला पाठवलंय. तिथल्या बाईंनी विचारलं, घरात आणखी कोणाला असा त्रास होता का. लेकीने ठणकावून नाही सांगितलं. वर मला लिहिते, बाबा रोज पेपर वाचायचे, मग ही आळशी कुठून निपजली? पुढची तपासणी ती रद्दच करणार आहे.

खरं काय ते माझ्याखेरीज फक्त तुम्हाला ठाऊक. त्यांनी मला शपथ घातली होती. सांगू का?

हल्ली सकाळी औषधाच्या खोक्यावरचं मोठ्याने वाचते. ऐकायला आता ते नाहीत, पण सवय जात नाही. आठवण ठेवा, एवढंच मागणं.

वहिनी

९ जुलै

ती. वहिनी,
शि. सा. न.

सांगू नका. ‘चष्मा विसरलो’ असं म्हणता यावं म्हणून दादाने बिननंबरचा चष्मा विकत घेतला होता. फोरमनची परीक्षा सोडली, लेकीचे टोमणे ऐकले, पण बोलला नाही. एवढी जपलेली अब्रू आता कशाला काढायची? लहानपणी मीच त्याच्या पाटीवर लिहून द्यायचे, आणि सगळे त्याला ढ म्हणायचे तेव्हा हसायचेही मीच. ते अजून डाचतं. पोर लहान आहे, येईल तिला हळूहळू.

खोकी कसली वाचता, त्यातली औषधं घेता का ते लिहा. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमचीच धाकटी

१८ जुलै

प्रिय वन्सं,
स. न.

तुमचं पत्र मंगळवारी आलं, लेकीचंही. नातीने वर्गात आपणहून सांगितलं म्हणे, मी ढ आहे, मला वाचायला उभं करू नका.

लग्नानंतर महिन्याभराने तुमचे दादाही हेच म्हणाले होते, “मी ढ आहे, कोणाला सांगू नकोस.” तेव्हा मीच अडाणी. पुढे लेकीच्या पहिलीच्या पुस्तकावरून वाचायला शिकले, आणि मग नवल वाटू लागलं, मला जमलं ते त्यांना कसं जमत नाही, कारण नुसत्या आवाजावरून मशीनचा बिघाड ओळखणारा माणूस होता तो. तुम्ही ढ नाही, हे त्यांना कधी सांगितलं नाही. शपथ पाळत बसले.

आता ती मोडली. ते रागावतील, तर रागवायला तरी यावेत. तुम्ही रागावलात तरी पत्र लिहीत जा.

पत्रं आली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने मी लेकीकडे गेले आणि तपासणीच्या बाईंसमोर, नातीला शेजारी बसवून, सगळं सांगितलं.

वहिनी