राजवाड्यावरच्या पहाऱ्याचं पत्र

वरची वाडी, ता. रत्नागिरी
बुधवार, ६ ऑगस्ट १९४७

ती. भिकाजीदादास येसूचा नमस्कार.

आधी एक चूक दुरुस्त करते, मग बाकीचं. जूनच्या पत्रात मी लिहिलं होतं, "तुझं पत्र सगुणाकाकीला पूर्ण वाचून दाखवलं." ते खरं नाही. चार ओळी मी गाळल्या.

इकडे तुझ्या आईचा खोकला गेला. लावणी आटोपली. म्हैस व्यायली, रेडी झाली.

आपल्याकडे पत्र आलं की काय होतं ते तुला ठाऊक आहे. टपालवाला बांधावर दिसला की अर्धी वाडी तुमच्या ओटीवर काकीभोवती जमते, आणि आबांनी मला घरीच वाचायला शिकवल्यापासून वाचणारी मीच. आधी डोळ्यांखालून घालायला कोण देतं? फोडायचं आणि वाचायचं.

टोकियोला बादशहाच्या राजवाड्यावर तुमच्या पलटणीने अमेरिकन शिपायांकडून पहारा घेतला, बिगूल वाजला, संगिनी एकदम वर गेल्या, जपानी माणसं रस्त्याकडेला गप्प उभी होती, हे मी वाचत होते. सुलेमान तांडेल म्हणाला, "येसू, राजा बाहेर येऊन चाय देतो काय त्यांना, लिवलंय का बघ गो." काकी म्हणाली, "माझ्या भिक्याला चाय नको, त्याला पेज लागते." सगळे हसले. मालनवहिनीसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होती. तेवढ्यात पुढची ओळ माझ्या डोळ्यांपुढे आली. मी तिच्यावरून उडी मारून थेट तिकडच्या थंडीवर गेले.

संध्याकाळी सांगू म्हटलं. मग वटपौर्णिमा होऊ दे म्हटलं. वटपौर्णिमेला वहिनी वडाला सूत गुंडाळत होती आणि मी तिचं ताट धरून उभी होते. दोन वर्षं सरकारी कागदात तुझा थोरला भाऊ ब्रह्मदेशात बेपत्ता आहे, आणि त्या एका शब्दावर ती रोज कुंकू लावते.

पाहुणा आला की काकी म्हणते, "येसू, वाच गो ते राजवाड्याचं." अकरा वेळा वाचलं. उडी आता सराईत झाली आहे, याचीच मला भीती वाटते. आबा पेपर वाचून सांगतात, जपानशी तह अजून व्हायचाच आहे, तोवर पहारे राहणार. ज्यांच्याशी लढलात त्यांच्याच राजाच्या दारात तुम्ही कसे उभे राहता, याचा मी खूप विचार करते.

पंधरा तारखेला शाळेसमोर झेंडा चढणार आहे. कचेरीतले साहेब येतील. पलटणीतल्या माणसांच्या घरच्या सुवासिनींनी झेंड्याला ओवाळायचं ठरलंय, पहिला मान मालनवहिनीचा. तिने लग्नातलं लुगडं पेटीतून काढून वाऱ्यावर टाकलंय. मागाहून खरं कळल्यावर लोक मला काही बोलणार नाहीत. तिलाच म्हणतील, ठाऊक असून मिरवली.

महिनाभर ती माझ्याकडे अक्षरं शिकते. पहिल्याच दिवशी म्हणाली, "ह्यांचं नाव कसं दिसतं ते काढून दाखव. मी घ्यायची नाही, नुसती बघेन." मी पाटीवर 'काशीराम' लिहिलं. काल तिने देवाच्या तसबिरीमागून तुझं पत्र काढून आणलं आणि त्या नावावर बोट ठेवलं.

"तीन ठिकाणी आहे गो. तू वाचतेस तेव्हा एकदाच येतं."

मी म्हटलं, शाई पसरली आहे, दुसरं काही असेल.

"तुझा तिथे दर खेपेस श्वास अडकतो," ती म्हणाली. पत्र होतं तिथे ठेवून आली आणि भात कांडायला बसली.

त्या ओळी इथे उतरवते. मोठ्याने वाचायच्या आहेत, म्हणून आधी हाताला सवय करते: "काशीरामदादा इरावतीच्या काठी पडला. ज्याने त्याला माती दिली तो जवान आमच्या पलटणीत बदलून आला आहे. काशीरामदादाची वाट बघू नका. येसू, हे आईला आणि वहिनीला बाजूला घेऊन सांग."

बाजूला घेऊन, असं तू लिहिलं होतंस. मी ओटीवर होते, हे कारण एका दिवसापुरतं होतं. पुढचे दोन महिने माझे आहेत.

तुझं उत्तर यायला महिना लागेल, म्हणून विचारत नाही, कळवते. वहिनीचा भाऊ रविवारी देवरूखहून येतोय. तिचं माणूस जवळ असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघींना माजघरात बसवून, दार लोटून, पहिल्या ओळीपासून वाचेन. गाळल्याचंही मीच सांगेन. क्षमा आधी त्यांच्याकडे मागायची आहे, म्हणून तुझ्याकडे आज मागत नाही.

तो दिवस सोमवार, ११ ऑगस्ट.

तुझी अपराधी,
येसू