काचेवरची उभी रेघ

सोमवार, ७ मार्च १९८३

— चौथा पार्ट बदलला तरी तीच रेघ. काचेच्या मधोमध, उभी. शेषेरावांच्या दुकानातल्या व्हिडिओ गेममध्ये विमान रेघांचं, दगडही रेघांचे. आता सगळं एका रेघेत मिटलंय. रेडिओ दुरुस्तीत दहा वर्षं गेली, टीव्हीत दोन. असं पाहिलं नव्हतं.

शेषेराव म्हणाले, "मिस्तरी, जमत नसंल तर सांग. हैदराबादहून माणूस बोलावतो."

जमेल म्हणालो.

मंगळवार, ८

आजही पाण्याचा टँकर नाही. पंचशीला दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन आली, बोटाला शाई. सात महिने झाले जिल्हा वेगळा होऊन, तिच्या कचेरीत नकाशे काढायचं काम संपत नाही. उभ्यानेच बघत राहिली.

"अहो, टीव्ही अख्खी काच विंचरतो ना, रांगेरांगेनं?"

"हाव."

"हे न्हाई विंचरून राहिलं. हे माझ्यावानी काम करून राहिलं. एका ठिपक्यावर टेकायचं, दुसऱ्यापर्यंत ओढायचं. उभं ओढणारं चालू हाय. आडवं मेलंय."

मग म्हणाली, उभ्या-आडव्या दोन्ही कॉइलच्या वायरी अदलाबदल करून बघा. केल्या. रेघ आडवी झाली. म्हणजे कॉइल चांगल्या, आडवं ओढणारा बोर्ड गेला होता.

मी दोन दिवस रांगा शोधत होतो.

शेषेराव म्हणाले, "मिस्तरी, ताईला तुझ्या दुकानात बसव अन् तू नकाशे काढ."

सगळे हसले. मीही हसलो.

बुधवार, ९

जेवलो नाही. डोकं दुखतंय म्हणालो.

शुक्रवार, ११

हैदराबादहून बोर्डाचे ट्रान्झिस्टर आले. सोल्डरचे डाग मी दिले. चटका मला बसला. मशीन चालू झालं — रेघा बारीक, स्वच्छ, तिने टाकाने ओढल्यासारख्या.

गोलाईच्या बाजारात सगळीकडे एकच बोलणं. ताईनं दुरुस्त केलं!

शेषेरावांच्या पाहुण्यांचं नांदेडचं मशीनही बंद आहे. "ताईला घेऊन जाऊ," म्हणाले. मी समोरच उभा होतो. मग आठवल्यासारखं म्हणाले, "तू बी चल की."

घरी तिला सांगितलं नाही.

रविवार, १३

शेषेरावांनी तिला खेळायला बोलावलं. संध्याकाळी गेलो. त्यांचं दुकान बंद होतं, आम्ही तिघंच. ती आयुष्यात पहिल्यांदा खेळत होती. नकाशांची सवय, हात जराही डगमगत नाही तिचा. शेवटी गुण यादीत बसले, मशीनने नावाची तीन इंग्रजी अक्षरं मागितली. तिने टाकली — पी, ए, एन. ती काचेवर तशीच राहिली.

"पान?" शेषेराव म्हणाले. "मग सुपारी कुठं हाय?"

ती इतकी हसली की पदर तोंडाला लावला. माझ्या दुकानात ती कधी अशी हसली नाही.

ते दोघं बाहेर गेले. मी मागून ब्राइटनेसचा स्क्रू शेवटपर्यंत फिरवला. रेघा फुगतील, चित्र फाटेल. तिची दुरुस्ती टिकली नाही म्हणतील. नांदेडला मला एकट्याला नेतील.

शेषेरावांना म्हणालो, रात्रभर चालू राहू द्या. टेस्टिंग.

सोमवार, १४

सकाळी आम्हा दोघांसमोर शेषेरावांनी मशीन बंद केलं. काच काळी झाली. पी, ए, एन तशीच राहिली, तपकिरी, काचेत जळलेली. टीव्हीचा किरण एका जागी राहत नाही. हा रात्रभर त्याच तीन अक्षरांवरून फिरत होता.

"ताई, तुमचं नाव आता निघत न्हाई," शेषेराव म्हणाले.

पंचशीला मशीनच्या मागे गेली. वाकून स्क्रू पाहिला. मग मला.